रुपाबाईचं आमचूर

धडगावच्या बाजारात रतिलाल शेठच्या आडतीवर मी वीस वर्षं काटा धरतोय. माझं नाव नवल, गाव म्हसावद. बायको म्हणते मला राग लवकर येतो. येतो, पण तो घरीच. आडतीवर मी मूग गिळून बसतो, कारण पगार तिथे मिळतो.

मे महिना लागला की सातपुड्याच्या पाड्यांवरून बाया आमचूर घेऊन उतरतात. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, चिरायच्या, फोडी खडकावर वाळत घालायच्या आणि बकऱ्या-माकडं हाकलत दिवसभर तिथेच बसायचं. दहा किलो कैरीचं जेमतेम सव्वा किलो आमचूर होतं. शहरातली माणसं तेच दळून चाटवर चिमूटभर भुरभुरतात नि बोटं चाटतात. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना काय माहीत!

आमच्या आडतीची रीत अशी: शेठ पोत्यातली एक फोड दाताखाली धरतो, तोंड वाकडं करतो नि म्हणतो, "वलं शे." मग मीही एक फोड चावून मान हलवायची. दोन साक्षी झाल्या की ओलीपोटी किलोमागे दीडशे ग्रॅम कापायचे. फोडी कोल्ल्या, म्हणजे कोरड्या, असोत की ओल्या, दीडशे ग्रॅम ठरलेले.

बाकीच्या बाया कुरकुर करतात, नशिबाला बोल लावतात. रुपाबाई पावराचं तसं नव्हतं. ती खाली मान घालून म्हणायची, "मन्हीच चूक व्हयनी, शेठ. फुडला साले जास्त सुकाडसू." आणि खरंच सुकवायची, दरसाल एक दिवस अधिक. शेठ सगळ्यांना आधी चहा पाजतो. ज्याच्या हातचा चहा प्यायचा तो खोटं बोलेल, हे तिच्या मनातच यायचं नाही. आमचूर जितकं कोरडं तितकं हलकं. म्हणजे काट्यावर ती आधीच मार खायची, वर शेठची कात्री होतीच.

यंदा तिला घरावर पत्रे टाकायचे होते. गेला पावसाळा तिने पोरींना घेऊन शेजारणीच्या पडवीत काढला होता. पत्र्याच्या दुकानात भाव विचारूनच ती आली होती. पुरं वजन धरलं तर पत्रे येत होते, कापलं तर नाही.

शेठने फोड दाताखाली धरली. ती उडदाच्या पापडासारखी काडकन मोडली. तरी म्हणाला, "अजून वलं शे, रुपाबाई."

तिने चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळली. "नवलभाऊ, सात दिन सुकाडं मी. तू खाईसन देख. तू वलं म्हनशी, ते मी गुपचूप जासू."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी फोड तोंडात टाकली. शेठ माझ्या मानेकडे बघत होता. घरचं धान्य, पोराची फी, सगळं त्या मानेवर चालत होतं. पण मला लाज वाटली. वीस वर्षांत पहिल्यांदा, अगदी घाम फुटेपर्यंत लाज वाटली.

"कोल्लं शे, शेठ," मी म्हणालो. "याना पेक्षा कोल्लं आमचूर व्हत नही."

रांगेतल्या पाच-सहा बाया ऐकत होत्या. शेठ हसला, हसायला काही पैसे पडत नाहीत. "बरं, पुरं वजन धर तिन्हं," म्हणाला, आणि हळूच मला, "सांजले भेट." कशासाठी ते मला कळलं. मी वजन केलं, पुरं केलं. तिच्या हातात पत्र्यांचे पैसे पडले.

आता ती हात जोडेल असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, मी त्याची वाटच बघत होतो. ती मात्र पैसे पदरात बांधून तिथेच उभी राहिली. कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"मंग मांगला साले बी कोल्लंच व्हतं का, भाऊ?"

मी काट्याकडे बघितलं.

"आन् त्याना पहिले?"

तेवढ्यात रांगेतली दुसरी बाई आपलं पोतं सोडून पुढे आली, आणि तिनेही मला तेच विचारलं.