दोन माणसांचं काम

खोकं कितीतरी दिवस पॅसेजमध्ये पडून होतं. येता-जाता त्याच्या पायाच्या करंगळीला लागायचं, तो कळवळायचा, खोक्याला शिवी हासडायचा आणि पुढे जायचा. उघडावंसं काही वाटत नव्हतं. आत लाल गाडीचे दोन अँटी-रोल बार होते, एक पुढचा आणि एक मागचा, मूळच्यापेक्षा चांगले जाड. मागवले तेव्हा घरात बायको होती आणि रविवारी मेहुणा यायचा. माल येईपर्यंत दोघंही उरले नव्हते.

भांडण असं झालंच नाही. तो दिवसभर लोकांच्या बिघडलेल्या लिफ्टमध्ये लोंबकळत असायचा, ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये उभी असायची. घरी आल्यावर दोघांच्या अंगात भांडायचंही त्राण नसायचं. हळूहळू बोलायचंही राहिलं नाही. शेवटी वकिलाकडे जाऊन सह्या केल्या आणि बाहेर येऊन दोघं दोन दिशांना गेले. मेहुणा बहिणीच्या बाजूला उभा होता. त्याने मान हलवली, यानेही हलवली. तेवढंच.

लाल गाडी मात्र मागच्या शेडमध्ये राहिली. ती त्याने आणि मेहुण्याने मिळून घडवली होती. मूळची साधी घरगुती गाडी. तिच्यात मोठं इंजिन बसवलं, रुंद टायर घातले, बॉडी जमिनीजवळ आणली. सरळ रस्त्यावर वाऱ्यासारखी पळायची, पण वळणावर एका अंगाला अशी कलायची की शेजारी बसलेला दाराचं हँडल धरून ठेवायचा. त्यावरचा इलाज म्हणजे हे बार. दोन चाकांना जोडणारा पोलादी दांडाच तो. जितका जाड, तितकी गाडी कमी कलते.

त्या रविवारी करंगळीचं नख निघालं, तेव्हा त्याने एकदाचं खोकं उघडलं.

गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलून त्याने स्टँडवर टेकवला, दोन्ही चाकं काढली आणि पुठ्ठा अंथरून खाली शिरला. आठवडाभर लिफ्टच्या खड्ड्यांत उतरून कंबर आधीच धरली होती. जुना बार काढताना त्याच्या नाकी नऊ आले. नट गंजलेले, पाना फिरवला की आतला बोल्टही नटासोबत गरागरा फिरायचा. डोळ्यांत माती, मनगट सोललेलं. जुना बार निघाला कसाबसा, पण नवा काही चढेना. एक टोक वर धरावं तर दुसरं खाली येई. पोटावर घेऊन बघितलं, गुडघ्याने रेटून बघितलं. शेवटी त्याने हात टेकले आणि बार छातीवर घेऊन नुसताच पडून राहिला.

मेहुण्याचा नंबर त्याने पुसला नव्हता. फोन लावायचं मात्र जिवावर आलं. तरी लावला.

"हॅलो," मेहुणा म्हणाला.

"बार आलेत."

"कुठला बार? दुपारी कोण बारमध्ये बसतं?"

"अरे, गाडीचे. पुढचा चढत नाहीये. दोन माणसांचं काम आहे."

पलीकडे भांडी वाजली, कुणीतरी काहीतरी विचारलं.

"येतो," मेहुणा म्हणाला.

तो आला तेव्हा त्याच्या अंगावर छापखान्यातला कामाचाच शर्ट होता. सकाळची पाळी करून परस्पर जेवायला बहिणीकडे गेला होता, तिथून थेट इकडे. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आल्या आल्या त्याने वाकून स्टँड तपासले, गाडीला धक्का देऊन बघितला.

"काय बघतोस? मी काय नवीन आहे?"

"ताईने सांगितलंय. म्हणाली, आधी स्टँड बघ, मग खाली शीर. त्यांना घाई असते."

त्याने दुसरा पुठ्ठा सरकवून दिला.

दोघं शेजारी शेजारी उताणे पडून कामाला लागले. पूर्वी मेहुणा दर वाक्याला "दाजी" म्हणायचा. आज "अहो" म्हणत होता, नाहीतर "जरा इकडे", "पाना द्या", असं नाव-नातं टाळून चाललं होतं. बारवरच्या रबरी बुशांना ग्रीस चोपडलं, नाहीतर नंतर कुरकुरतात. बार चढला, पट्ट्या आवळल्या, बारची टोकं चाकांना जोडणाऱ्या लिंक बसवल्या. मेहुण्याने बाहेर जाऊन स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं आणि आतून खट्ट असा आवाज आला.

याने टॉर्च मारला. लिंक जाऊन ब्रेकच्या पाइपला टेकत होती. त्याने टॉर्च दुसऱ्या टोकाकडे फिरवला. मग त्याच्या लक्षात आलं.

"उलटा बसवलाय आपण."

"उलटा म्हणजे?"

"उलटा म्हणजे उलटा. डावं टोक उजवीकडे."

मेहुणा टायरवर मटकन बसला. दोघांनीही चिडायला पाहिजे होतं, पण तेवढा दम कुणाकडे होता? "चहा टाकू का?" याने विचारलं. "टाका," तो म्हणाला. चहा झाला. दूध नव्हतं, कोराच प्यायले. पुन्हा खाली शिरले, आणि जे मघाशी जीव खाऊन आवळलं होतं, तेच सगळं सोडवायला लागले.

शेवटची पट्टी सुटली आणि मेहुण्याच्या ग्रीसने माखलेल्या हातातून बारचं टोक निसटलं.

"दाजी, हात काढा!"

त्याने हात मागे ओढला. बार पुठ्ठ्यावर आदळला, बोटांपासून वीतभरही लांब नसेल. शेडमध्ये तो आवाज घुमला आणि विरला.

"लागलं का?"

"नाही."

"आता कसला दाजी मी," तो म्हणाला.

"मग काय म्हणू? साहेब?" मेहुण्याचा आवाज चिडका होता. "इतक्या वर्षांचं तोंडात बसलंय. सह्या तुम्ही दोघांनी केल्या. मला कुणी विचारलं होतं? रविवार माझेही गेले."

हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपलं घर मोडलं, एवढंच तो धरून बसला होता.

"फोन करायला हवा होता मी," तो म्हणाला.

"मीही करायला हवा होता." मेहुण्याने बाहीने नाक पुसलं. "मला वाटलं, ताईला लागेल. आज तिच्यासमोरच तुमचा फोन आला. ती म्हणाली, जा की, मला काय विचारतोस."

"बरी आहे ना?"

"दमलेली असते. तुमच्यासारखीच."

त्याने मान हलवली. मग दोघांनी बार फिरवून सुलटा चढवला. या वेळी स्टिअरिंग दोन्हीकडे वळवून बघितलं. कशाला काही लागत नव्हतं. चाकं लावून गाडी खाली घेतली आणि चाकांवर वजन आल्यावर शेवटचे नट आवळले.

ऊन उतरलं होतं. मेहुण्याला सोडायला तो लाल गाडीच घेऊन निघाला. कालव्याजवळच्या लांब वळणावर त्याने वेग कमी केला नाही. गाडी कलली नाही. खाली मान घालून निमूट वळली.

"आता बरी चालते," मेहुणा म्हणाला.

"पण पुढचा बार जाड, मागचा अजून जुना बारीकच. जोरात घेतली तर वळायला कुरकुर करेल."

"मग मागचाही घालू. पुढच्या रविवारी येतो. जेवण मात्र तुमच्याकडे. मी उपाशीपोटी गाडीखाली शिरणार नाही."

"मला अंड्यांपलीकडे काही येत नाही."

"मग अंडी करा."

कोपऱ्यावर मेहुणा उतरला. चालताना एका हाताने त्याने कंबर धरली होती. तो वळणाआड जाईपर्यंत हा थांबला. मग गिअर टाकायला हात उचलला, तर खांदा इतका भरून आला होता की हात अर्ध्यावरच राहिला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. "हो बाबा, निघतो," तो आरशाकडे बघून म्हणाला आणि उजव्या हाताने डावा हात उचलून गिअरवर ठेवला.