बिनदातांचा गिअर

कामिनीने पितळी पान्याने शेवटचा बोल्ट सोडवला. लोखंडी पाना इथे चालत नसे. आतली चुंबकं तो हातातून हिसकावून घेत, आणि मध्ये बोट सापडलं तर बोटाचीही गय करत नसत. झाकण निघालं. आतलं चक्र तिने सावकाश उचलून बाजूच्या लाकडी फळीवर ठेवलं आणि मग मधलं कडं दोन्ही हातांनी ओढून काढलं.

त्या कड्यातच सगळ्या यंत्राचा जीव होता. साध्या गिअरमध्ये दातात दात अडकतो आणि एक चाक दुसऱ्याला ओढतं. कामिनीच्या गिअरला दातच नव्हते. आत चुंबकांचं एक चक्र, बाहेर चुंबकांचं दुसरं, आणि दोघांच्या मध्ये पोलादाचे सव्वीस तुकडे गोलाकार बसवलेलं हे कडं. कोणी कोणाला शिवत नाही, तरी आतलं फिरलं की बाहेरचंही फिरतं. तेल नको, झीज नाही, खडखड नाही. मालवाहू इलेक्ट्रिक रिक्षासाठी तिने तो तीन वर्षं खपून बेतला होता, आणि दसऱ्यानंतरच्या सोमवारी, पुण्याच्या रिक्षा कंपनीचे पाहुणे समोर उभे असताना, त्याने तिचं नाक कापलं होतं.

नरडाण्याच्या कारखान्याच्या आवारात मुद्दाम मुरमाचा चढ केला होता. रिक्षात वाळूची पोती भरली होती. अर्ध्या चढावर मोटर फिरत राहिली आणि चाकं थांबली. रिक्षा पोत्यांसकट मागे मागे येत गेटजवळच्या कडुनिंबाला टेकली.

"दातच नाहीत, तर ऊस कसा खाणार?" पाहुण्यांतला एक जण म्हणाला.

सगळे हसले. कारखान्याचे मालक हितेंद्रभाऊसुद्धा हसले आणि कामिनीकडे नजर जाताच हसायचे थांबले. त्या थांबण्यानेच तिला जास्त लागलं.

तिच्या गणिताप्रमाणे दीडपट ओझ्यालाही तो गिअर सुटायला नको होता. चार दिवस तिने ते गणित उलटसुलट तपासलं आणि आज यंत्र उघडलं. कड्यावरचा राळेसारखा लेप तिने खरवडला. आत काहीतरी चकाकलं. दोन तुकड्यांच्या मधल्या जागेवर तिने चुंबकाचा एक कपचा धरला. तिथे काही चिकटायलाच नको होतं. तो टक्कन चिकटला.

ड्रॉइंगमध्ये तुकड्यांना बाहेरून बांधून ठेवायला काचेच्या धाग्याची पट्टी होती. तिच्या जागी लोखंडाची पट्टी बसली होती. यावलला वडिलांच्या केळीच्या बागेत खारीने ठिबकची नळी कुरतडली की पाणी मध्येच वाहून जातं आणि शेवटचं झाड सुकतं, ते ती लहानपणापासून बघत आली होती. इथे तेच झालं होतं. चुंबकाचा जोर बाहेरच्या चक्रापर्यंत पोचतच नव्हता, पट्टीतून परस्पर निघून जात होता.

पट्टी मात्र अशी बसली होती की बघत राहावं. सव्वीसच्या सव्वीस तुकड्यांना खाच पाडून ती आत निजवली होती. बोट फिरवलं तरी कुठे उंचवटा लागत नव्हता. अख्ख्या कारखान्यात असा हात एकाच माणसाचा होता, आणि कामाच्या कार्डावर सहीही त्यांचीच होती: कौतिक नाना.

कामिनी मामेबहिणीच्या बाळाच्या बारशाला दोन दिवस यावलला गेली, तेव्हा नानांनी हे कडं बांधलं होतं. ती परतली तर पाहुण्यांची तारीख अलीकडे आलेली. रिक्षात बसवण्याआधी कडं एकदा ओझं लावून तपासायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, तिनेच राहू दिलं. नानांनी बांधलेलं कडं तपासायचं म्हणजे हातच्या काकणाला आरसा दाखवण्यासारखं होतं.

कारखाना धुळ्याच्या जुन्या शेडमध्ये होता तेव्हापासूनचे नाना, लेथवरचे मुख्य कारागीर. दिवाळी झाली की ते निवृत्त होणार होते. हितेंद्रभाऊंनी सरळ सांगून टाकलं होतं, की पुण्याची ऑर्डर मिळाली तर दात कापायचा विभाग बंद. त्या विभागात अकरा जण होते आणि त्यांतला एक नानांचा मुलगा प्रेमराज. ते अकरा जण कामिनी दिसली की गप्प होत. नाना तेवढे तिच्या टेबलाशी येऊन बसत, "दात नही, मंग धरस कसं?" असं आपल्या अहिराणीत, लहान मुलाच्या कुतूहलाने विचारत. पहिलं छोटं कडं त्यांनीच घडवलं. ते फिरलं त्या दिवशी तिने आनंदाच्या भरात कोपरे उडालेली दोन चुंबकं त्यांना बक्षीस दिली होती. नानांनी ती प्रसादासारखी कपाळाला लावून खिशात टाकली होती.

तिने नानांना बोलावून घेतलं.

"नाना, ही पट्टी?"

नानांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "मी बसाडी."

"ड्रॉइंगमध्ये काचेच्या धाग्याची होती."

"धागाना काय भरोसा, माय? आपला रस्तास्वर बठ्ठा खड्डाच. कडं उघडी जाई, तुनं नाव खराब व्हई. मजबुतीसाठे बसाडी." मग ते कड्यावर वाकले. "काय चुकनं का?"

तिने सांगितलं. ठिबकच्या नळीचंही सांगितलं. नाना स्टुलावर बसले, डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि तिच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले.

"मना हातथीन चूक व्हई गई," ते म्हणाले. "सांगी दे भाऊले. कार्डवर मनी सही शे."

ज्या माणसाने सगळ्यांचा रोष पत्करून तिला साथ दिली, त्याला आपण लोखंड का नको एवढं साधं सांगितलं नाही, याची कामिनीला लाज वाटली. वर्षभर ती त्यांना 'असं करा' म्हणत आली, 'असं का' ते तिने सांगितलंच नव्हतं. तिने कार्ड घडी करून पर्समध्ये ठेवलं.

शनिवारी सुट्टी होती. तिने एकटीने पट्टी काढली, खाचा राळेने भरल्या, धाग्याची पट्टी गुंडाळली. पहारेकऱ्याला हाताशी घेऊन पोती भरली, दीडपट. रिक्षा चढ चढून गेली, मांजर जिना चढावं इतकी गुपचूप. वर जाऊन तिने ब्रेक लावला आणि मागे वळून पाहिलं. बघायला पहारेकरी होता, आणि तोही तंबाखू मळत होता.

सोमवारी हितेंद्रभाऊंनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"पुण्याला लेखी कारण पाठवायचंय. कोणाच्या हातून काय झालं, स्पष्ट लिही. कारण पटलं तर मी दुसरी तारीख मागतो."

"आणि ज्याच्या हातून झालं त्याचं काय?"

"त्याचं काय करायचं? कंपनीची अब्रू घालवली त्याने. त्याला दिवाळीसुद्धा इथे करू देणार नाही. मग तो कितीही जुना असो."

कामिनीने पर्सच्या बंदावरचा हात काढला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाची कोणाकडे करायची? अडतीस वर्षं इथे राबलेला माणूस शेवटच्या महिन्यात मान खाली घालून गेटबाहेर पडताना तिला दिसला.

"माझंच गणित चुकलं, भाऊ."

"तुझं?"

"हो."

हितेंद्रभाऊंनी पेनाला टोपण लावलं. "मग दुसरी तारीख मी कोणत्या तोंडाने मागू?"

आता गिअर चढतो असं सांगितलं, तर काय बदललं तेही सांगावं लागलं असतं. तिने तसं लिहून दिलं, खाली सही केली. आठ दिवसांत पुण्याहून निरोप आला. रिक्षाला नेहमीचाच दातांचा गिअर बसवायचा ठरला, आणि तो करायचं काम याच कारखान्याला मिळालं. दात कापायच्या विभागात दुसरी पाळी सुरू झाली. अकरा जणांनी पेढे वाटले. कामिनीच्या टेबलावरही एक पेढा आला. तिचं डिझाइनचं काम काढून घेतलं आणि तिला तपासणीच्या टेबलावर बसवलं. आता ती दिवसभर मापक घेऊन दात मोजायची. तिचा गिअर तिच्याच टेबलाखाली खोक्यात पडून होता. तीन वर्षांचं काम पायाला लागे, तेव्हा ती पाय आखडून घेई.

दिवाळी झाली. नानांच्या निरोपाला आवारात मांडव घातला. हितेंद्रभाऊंनी शाल-श्रीफळ दिलं, स्टीलच्या भांड्यांचा संच दिला आणि माईक हातात घेऊन म्हणाले, "अडतीस वर्षांत नानांच्या हातून एकही तुकडा वाया गेला नाही." सगळ्यांत जोरात टाळ्या कामिनीने वाजवल्या. वाजवता वाजवता तिला वाटलं, सगळंच काही गेलं नाही, हे एवढं तर आपण राखलं. त्या महिन्यात तिला पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

दुपारी नानांच्या घरी जेवण होतं, वरण-बट्टीचं. नाना, प्रेमराज आणि कामिनी पाटावर बसले. नानांच्या बायको झुंबरबाई वाढता वाढता मध्येच थांबल्या आणि भांड्यांचं खोकं उघडून बसल्या.

"थांब माय, स्टील असली शे का नकली, देखूत," म्हणत त्यांनी खुंटीवरच्या नानांच्या शर्टाच्या खिशात हात घातला. मुठीत दोन चुंबकं होती. कोपरे उडालेली.

"हाई तुनंच देणं ना?" त्या हसत म्हणाल्या. "गणपती बठनात तवयपासून ह्यास्ना हाऊच खेळ. घरना बठ्ठा भांडा तपासी टाकात. प्रेमराजले दखाडेत, दोन चुंबक जोडीसन खिळा चिकटाडेत, मंग वर लोखंडनी पट्टी ठेवेत. लगेच खिळा खाले! म्हनेत, चुंबकना बठ्ठा जोर ही पट्टीच पी जास."

झुंबरबाईंनी चुंबकं पातेल्याला लावली. ती चिकटली.

"नकलीच शे!" त्या म्हणाल्या आणि चुंबकं कामिनीच्या हातात देऊन तूप आणायला आत गेल्या.

प्रेमराज तांब्या घेऊन उठला. तांब्या भरलेला होता, तरी तो पाणी आणायला म्हणून अंगणात गेला. नानांचा हात बट्टीवर होता, तो तिथेच राहिला.

गणपतीपासून. कामिनीने मनात दिवस मोजले. कडं बांधलं ते नवरात्रात. तिला संताप आला, आणि त्याच्या मागोमाग स्वतःची कीव आली. सव्वीस तुकड्यांना सव्वीस खाचा. जाता जाता, मजबुतीसाठी म्हणून कोणी हात मारावा असलं ते काम नव्हतं. हे तिला पट्टीवरून बोट फिरवलं तेव्हाच दिसायला हवं होतं. दिसलंही होतं, पण ती हात कोणाचा तेवढंच बघत बसली. कार्ड अजून तिच्या पर्समध्ये होतं. आता ते दाखवून काय होणार होतं? तिची कबुली पुण्याच्या फायलीत लागली होती, तिच्या सहीनिशी.

तिने चुंबकं ताटाशेजारी ठेवली.

"नाना, त्या खाचा पाडायला किती वेळ लागला?"

नानांनी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"पुरा दोन दिन," ते म्हणाले. "तू यावलले व्हती, तेच."

अंगणात प्रेमराज घागरीतून तांब्यात पाणी ओतत होता. ते ओसंडून खाली सांडल्याचा आवाज आला. नाना 'अकरा घरं' म्हणाले नाहीत, 'माफ कर' म्हणाले नाहीत. मग त्यांनी मान वर केली. एखादं काम हातावेगळं केल्यावर ते तिच्याकडे बघायचे, तसंच त्यांनी पाहिलं.

"पन पट्टी बठनी व्हती ना बराबर?"

कामिनीला खोटं बोलता आलं असतं. महिन्याभरापूर्वी ती त्यांच्यासाठी बोललीही होती.

"केसाचाही फरक नव्हता, नाना."

नानांनी मान हलवली आणि बट्टी वरणात कुस्करायला घेतली.