आईच्या खोलीतलं घड्याळ

विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या त्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी त्याने आईच्या शहराचं अंतर घडाघडा सांगितलं असतं. साडेतीन हजार किलोमीटर, थेट विमानाने पाच तास. वर गिऱ्हाइकाला बजावलंही असतं, "उतरण्याची वेळ तिथली असते हं, आपल्यापेक्षा अडीच तास पुढची. घोळ घालू नका."

त्या सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, आईचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस. सारखं तुझंच नाव घेतेय."

"संध्याकाळी सातला घरात असतो. सांग तिला."

बहिणीने आईच्या कानाशी सांगितलेलं त्याला ऐकू आलं. मग आईचा खोल गेलेला आवाज आला, "सातला ना? थांबते."

त्या एका शब्दावर जीव टांगून तो विमानात बसला. सीटचा पट्टा त्याला काही केल्या लागेना. शेजारच्या बाईंनी मायेने विचारलं, "पहिल्यांदाच बसताय का?" अर्ध्या गावाला विमानात बसवणारा हा गडी मुकाट्याने "हो" म्हणाला.

विमान खाली येऊ लागलं तशी घोषणा झाली: घड्याळं अडीच तास पुढे करा. त्याने मनगटावरचे काटे फिरवले आणि एकदम त्याला आठवलं.

आईच्या खाटेसमोरचं घड्याळ! ते त्यानेच टांगलं होतं, स्वतःच्या शहराची वेळ लावून. लेक आत्ता जेवला असेल की झोपला असेल, हे तिला कळायला हवं होतं. होता होता ती त्याच घड्याळावर जेवू-झोपू लागली. "आई राहते आमच्याकडे आणि नांदते दादाकडे," असं बहीण चिडवायची. सगळे हसायचे, तोही हसायचा.

म्हणजे तो सातला दारात पोचेल तेव्हा आईच्या भिंतीवर साडेचारच वाजलेले असणार. ती तिच्या सातची वाट बघणार, आणि तेवढा दम तिच्यात होता कुठे? जगाला शहाणपण शिकवणाऱ्याच्या घरात हा घोळ. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

उतरल्यावर फोन लावला तर लागेना. परदेशात फोन चालू ठेवायची आठवण तो रोज लोकांना करायचा. स्वतःचा राहिला होता.

"दामटा हो गाडी, पाया पडतो तुमच्या," तो टॅक्सीवाल्याला म्हणत राहिला.

दारात बहीण उभी होती. "आहे अजून," एवढंच म्हणाली. तो धावत आत गेला, खाटेवर बसला, आईचा हात हातात घेतला.

"आई, मी आलो."

तिने डोळे उघडले नाहीत. "उगाच फसवू नका रे मला," ती पुटपुटली. "आत्ताच बघितलं मी. साडेचार झालेत. माझा लेक सातला येणार आहे. तोवर जरा पडू दे."

"आई, मीच आहे गं! सात वाजलेत!"

तिची बोटं सैल पडत चालली होती. त्याने उठून भिंतीवरचं घड्याळ ओढून काढलं, काटे गरागरा फिरवून सातवर आणले आणि तिच्या चेहऱ्यासमोर धरलं.

"बघ ना गं. एकदा बघ. सात वाजले."

बहीण मागून म्हणाली, "दादा, ठेव ते खाली." तो मात्र ते तसंच धरून बसला, हात भरून आले तरी.