एका सकाळी जुनी झालेली चादर

साहेब, त्या गोधड्या तुम्ही जाळल्यात. जंतू असतात म्हणालात, रॉकेल ओतलंत आणि मोकळे झालात. ज्यांच्या होत्या त्यांना एका शब्दानं विचारलं नाहीत.

मित्रांनो, मी एक जुनी चादर आहे. मालेगावच्या यंत्रमागावर माझा जन्म झाला. १९९६च्या डिसेंबरात मी निफाडजवळच्या छावणीत आले. पेठकडचं एक डोंगरगाव धरणात गेलं होतं. तिथली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये आणून टाकली होती. सहा महिन्यांसाठी, असं सांगून. त्यांच्या जाळलेल्या गोधड्यांच्या बदली आम्ही नव्या चादरी. पण वाटप साहेबांच्या हस्ते व्हायचं होतं, म्हणून आमचा गठ्ठा चार दिवस बांधलेलाच राहिला. त्या चार दिवसांत सरुबाईचं बाळ थंडीनं गेलं. आमच्यापासून दहा पावलांवर.

पाचव्या पहाटे रोशनी बाळंत झाली. गारठा असा, की पलीकडच्या मळ्यात शेकोट्या पेटवल्या होत्या. द्राक्षांना थंडी बाधू नये म्हणून! शेडमध्ये मात्र विस्तवाला बंदी. सुईण भागीबाईनं आपला विरलेला पदर फाडून बाळाला गुंडाळलं होतं.

सकाळी नर्स प्रतिभाबाई आल्या. बाळाला रोशनीच्या छातीशी धरायला लावलं, गठ्ठ्याची दोरी कापली आणि मला उचललं. भागीबाईनं हात आडवा घातला.

"नवा कापड पाचवीआधी नाय लावायचा."

"अहो मावशी, पाय निळे पडलेत त्याचे!"

"माझ्या हातून चाळीस पोरां झाली. तू किती केलीस?"

या लोकांत पाचवी पुजेपर्यंत बाळाला घरच्यांच्या अंगाचं, मऊ झालेलं जुनं कापडच लावतात. आणि जुनं सगळं राख झालेलं. प्रतिभाबाई भागीबाईशेजारी टेकल्या. मग म्हणाल्या, "बरं, तुम्हीच सांगा. चादर जुनी कशी होते?"

"मानसाच्या अंगाला लागली का होते."

प्रतिभाबाईंनी मला खांद्यावर घेतलं. भागीबाई फिस्कारली, "तू त हाडकुळी! तुझ्यानं संध्याकाळ होईल. दे इकडं."

तिनं मला पांघरलं, गच्च आवळलं, पुढच्या बाईकडे दिलं. शेडमधल्या एकोणीस बायकांनी मला झटपट अंगाभोवती घेतलं. सरुबाईनंही घेतलं. तिनं डोळे पुसले माझ्यात. एका म्हातारीनं नाकच पुसलं.

"झाली जुनी!" भागीबाई हसली, आणि एकोणीस अंगांची ऊब घेऊन मी त्या मायलेकरांभोवती बसले. दुपारी पाय गुलाबी झाले.

तो पोरगा माझ्यात वाढला. सहा महिन्यांची दहा वर्षं झाली. मी बाळंतिणीमागून बाळंतीण पाहिली. विरले, ठिगळं लागली, दाराला लटकले. जुनं दिसलं की टाकाऊ समजू नका, मित्रांनो. आधी विचारा.

आज पुन्हा सफाईची गाडी आलीय. साहेब पाहणीला यायचेत म्हणे. शेडमधल्या सगळ्या जुन्या कपड्यांसोबत मलाही दारातून ओढून ढिगावर फेकलंय. रॉकेलचा वास येतोय. आतमध्ये मोहिनीला कळा सुरू झाल्यात, आणि थकलेली भागीबाई ओरडतेय, "अरे, ती चादर आना रं!"

साहेब, काडी ओढायच्या आधी आत जा. तिच्यासमोर उभे राहा आणि सांगा, बाळाला कशात गुंडाळायचं? सांगा ना!