पायांकडून काढलेला बंडू

दामिनी अमरावतीच्या शाळेत चित्रकला शिकवायची. तिचा धाकटा भाऊ बंडू अकोटच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून गेला, त्याला आठ महिने झाले होते, आणि हिच्या डोळ्यांतून टिपूस निघाला नव्हता. गावाच्या तोंडाला काय झाकण? पोरगी दगड आहे, म्हणाले. खोटं नव्हतं, त्याचे कपडे वाटून टाकतानाही तिला काही वाटलं नाही.

मग तिनं एक जुनं चित्र नव्यानं काढायला घेतलं. पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका चित्रकारानं शिळेवर निजवलेला मेलेला येशू पायांकडून रंगवला होता. आधी तळवे, मग छाती, पार मागे चेहरा, कडेला रडणारी आई. दामिनीनं येशूच्या जागी बंडू निजवला, शिळेच्या जागी घरची सतरंजी घातली आणि कडेला आपली आई काढली.

चित्र उद्या प्रदर्शनाला जायचं होतं. आई नाही म्हणाली तर पाठवायचं नाही, एवढं तिनं पक्कं केलं होतं. कारण आईनं, पार्बताबाईनं, लेकाला शेवटचं पाहिलंच नव्हतं. अकोल्याच्या दवाखान्यातून त्याला आणलं तेव्हा ती आतल्या खोलीत बेशुद्ध होती, आणि शहाण्या नातेवाइकांनी तिला उठवलं नाही. बंडू येईल, असं ती अजून म्हणायची.

दुपारच्या एसटीनं ती आली. चित्रासमोर खाली बसली. कडेला काढलेली स्वतःची आकृती पाहू लागली.

"मी तं नव्हती तिथं."

"चित्रात हायेस, आई."

"अंगठे कोनं बांधले त्याचे?"

"मी."

तिरडीवर ठेवण्याआधी पायांचे अंगठे सुतानं एकत्र बांधतात. काकांचे हात कापत होते, म्हणून ते दामिनीनं केलं होतं.

"मंग इथं मोकळे काहून?"

इटलीच्या चित्रात मोकळे होते, म्हणून हिनंही मोकळे काढले होते. ज्या हातांनी गाठ मारली, तेच हात विसरले. लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

"बांध," आई म्हणाली. "मी बसली हाय."

दामिनीनं बारीक कुंचला घेतला. पांढरं सूत, दोन वेढे, वर गाठ. हात जरासुद्धा हलला नाही.

पार्बताबाईनं ओल्या गाठीवर बोट टेकवलं आणि ती रडली, आठ महिन्यांचं एकदम. मग पदरानं तोंड पुसलं.

"न्या आता," ती म्हणाली. "कुठं न्याचं हाय त्याले, तिथं न्या."

दामिनी चित्र बांधायला सुतळी शोधू लागली.