ओसाकाच्या नटाचं डोकं

किनसाई वीस वर्षं नटांची चित्रं काढत होता, आणि 'माझ्या कागदावरचा नट रंगमंचावरच्यापेक्षा खरा असतो' असं वीस वर्षं सांगत होता. ऐकणारे बदलत गेले, वाक्य तेच राहिलं.

खेळ सुरू होण्याआधी चित्रं दुकानात लागलीच पाहिजेत, हा एदो शहराचा रिवाज. या खेपेचं चित्र छापायचा लाकडी ठसाही वेळेत कोरून तयार होता. पण खेळाच्या आदल्या सकाळी नायकाचा आवाज बसला आणि भूमिका गेली ओसाकाहून नुकत्याच आलेल्या हामाओगी तोकिजिरोकडे.

"अंग तसंच ठेवा, नुसतं डोकं बदला," प्रकाशक इसेमोन म्हणाला. "तुमची मागची दोन चित्रं गोदामात पडून आहेत, किनसाईराव. हेही पडलं तर आमच्या कागदावर तुमचं नाव असणार नाही. मग पतंग रंगवा."

तोकिजिरोला किनसाईनं कधी पाहिलंच नव्हतं. तसं सांगून टाकायचं सोडून त्यानं ऐटीत मान डोलावली, घरी गेला आणि बायकोचा आरसा समोर घेतला. नाक जरा सरळ केलं, गाल आत ओढले, वयातली दहा वर्षं पुसली. एका डोळ्याची झोपाळू पापणी मात्र तशीच उतरली. ती त्याला स्वतःला कधी दिसत नसे, हाताला दिसली.

ठसे कोरणाऱ्या गोन्रोकुनं ठशातलं जुनं डोकं कापून काढलं आणि त्या भोकात नवा तुकडा ठोकून बसवला. कोरता कोरता तो थांबला.

"लेका, याला कुठंतरी पाहिलंय मी."

"ओसाकाचे सगळे असेच दिसतात."

"तू कधी गेला होतास ओसाकाला?"

"कोर मुकाट्यानं."

पहाटे दुकानावर गर्दी झाली. नवा नट कुणीच पाहिला नव्हता, त्यामुळे तक्रार करायला कुणी नव्हतं. "डोळ्यात काहीतरी दुखरं आहे गं याच्या," एक बाई म्हणाली. समोरच्या चहाच्या टपरीत बसलेल्या किनसाईनं कपाळावरची टोपी हळूच मागे सरकवली. आपण इतके देखणे आहोत हे लोकांना कळायला एवढा उशीर का लागला, याचंच त्याला नवल वाटत होतं.

दुपारी मध्यंतरात त्याच बाया परतल्या.

"मालक, हा कोण छापलात? आत तर वाघासारखे डोळे आहेत त्याचे."

दुसरीनं सहज समोर पाहिलं. मग कागदाकडे. मग पुन्हा समोर. "अगं, हा तर तिथे चहा पितोय."

इसेमोन बाहेर आला. हसला नाही, हेच वाईट. "डोकं पुन्हा काढा," तो म्हणाला. "या वेळी नाटकगृहात बसून. आरसा घरी."

किनसाईनं उरलेला खेळ मान वर करून पाहिला. तोकिजिरोचे डोळे उघडे, टपोरे, निरोगी होते. त्यांत रेंगाळण्यासारखं काहीच नव्हतं, असं किनसाईचं प्रामाणिक मत पडलं. पण ते तसेच्या तसे काढले.

दुसऱ्या दिवशी नवं चित्र हातोहात खपलं.

"नाव राहील," इसेमोन म्हणाला.

किनसाईनं घसा साफ केला. "काल ती बाई म्हणत होती, डोळ्यात दुखरं..."

"तिनं आज ते चित्र बदलून नेलं. आणि हे बघा, विक्री चालू असताना त्या टपरीत बसू नका. गिऱ्हाईक तुलना करतं."