साहेबाचं देऊळ

भिकूनं मला बाजारात गाठलं. म्हणाला, "दादा, येका सांजंला या. कुलूप लावल्यावर समदं निवांत फिरवून दावतो. पुण्याची माणसं मुद्दाम बघाय येत्यात."

धरणाच्या पाण्यापलीकडे टेकाडावर जुनं चर्च आहे. साहेब देश सोडून गेले तरी गाव अजून त्याला साहेबाचं देऊळच म्हणतं. भिकू तिथला राखणदार. आधी तो माझ्या धाकट्या भावाच्या, कुशाबाच्या हाताखाली होता. कुशाबा माघात गेला आणि मी त्याच्या मातीलाही गेलो नाही.

म्हणून ते बोलावणं मला झोंबलं. पुण्याच्या माणसांना रिकामा वेळ. मी काय बघायचं तिथं, बाकडी? बावीस वर्षांपूर्वी कुशाबा बागकामाला म्हणून तिथं लागला आणि बाप्तिस्मा घेऊन तिथलाच झाला. बापाच्या दहाव्याला आला, तेव्हा मी त्याला घाटावरूनच परत फिरवलं. 'तू आमचा न्हाईस' म्हणालो. तो काहीच बोलला नाही. बोलला असता तर भांडण तरी झालं असतं, आणि भांडण कधीतरी मिटतं.

वर त्याची ती घंटा. रोज सांजेला ओसरीवर कंदील टांगून मी हात जोडतो न जोडतो, तोच पाण्यावरून टोला यायचा. मला खिजवायलाच वाजवतोय, अशी माझी खात्री होती. बायको होती तोवर म्हणायची, "वाजवू द्या की." ती गेल्यावर तसं म्हणणारंही कोणी उरलं नाही. मी एकटाच चरफडायचो. माघापासून टोला बंद झाला. आता कंदील टांगून खांबाशी उभा राहतो आणि कधी कधी भाकरी न थापताच झोपतो.

चार दिवस मनाचं हो-नाही चाललं. शेवटी शेजारच्या सारजाबाईला विचारलं. ती फटकळ.

"जित्यापणी गेला न्हाई, आता वरातीमागनं घोडं कशाला?" ती म्हणाली. मग भांडं घासता घासता थांबली. "पर जावा. हितं बसून तरी काय करताय?"

शनिवारी दिवस कलताना निघालो. पाण्याला वळसा घालून दीड कोस. एवढंच अंतर होतं. चालताना माझी मलाच लाज वाटली.

भिकूनं भलंमोठं कुलूप काढलं. मी पायताण बाहेर ठेवलं. दारातच एक जाड दोरी लोंबत होती. देवळात शिरताना घंटा वाजवून आपण आल्याचं देवाला कळवायचं, हे हाताला लहानपणापासून ठाऊक. डोक्यात काही यायच्या आत मी दोरी ओढली. टोला पाण्यावरून पार आमच्या गावापर्यंत गेला असेल.

"आवो दादा!" भिकू ओरडला. "ही आपल्या देवळावाणी न्हाई. रविवारी प्रार्थनेलाच वाजवायची. पाद्रीबाबांची ताकीद हाय."

"मग कुशाबा रोज सांजंला वाजवायचा ती?"

"त्यापायी लई बोलणी खायचा." भिकूनं मला बाहेरच्या दगडी पायरीवर आणलं. "हितं बसायचा. पल्याड तुमचा कंदील लागला की म्हणायचा, दादा घरी आला. मग उठून येक टोला द्यायचा. तुमी तापानं पडला व्हता, तवा तीन सांजा कंदील लागला न्हाई. तीन सांजा घंटाबी न्हाई. चौथ्या दिवशी तुमच्या बांधापातूर गेला. चुलीचा धूर बघितला आन् तसाच माघारी आला."

मी त्याच पायरीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. बावीस वर्षं तो मला रोज हाक मारत होता आणि मी दात-ओठ खात होतो.

"आत चला," थोड्या वेळानं भिकू म्हणाला. "रंगीत काचा दावतो. अजून उजेड हाय."

"तू हो पुढं," मी म्हणालो.

पलीकडे दिवे लागत होते. आधी सारजाबाईचा लागला, मग दुसऱ्या बाजूच्या गेणबाचा. त्यांच्या मधल्या काळोखाकडे मी बघत राहिलो, आता लागेल म्हणून. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं, तो लावणारा इथं बसलाय.